‘अवैध गुत्ता’ असा नसतोच

अमेरिकेतल्या दारूबंदीवर लेख लिहिणाऱ्या सोलापूरच्याच एका वाचकाने विचारलंय : तिथल्या ‘स्पीकईझी’ला, म्हणजे बंदीत चोरून दारू पाजणाऱ्या जागेला, ‘दारूचा गुत्ता’ म्हटलेलं चालेल का, आणि ‘बूटलेगर’ला, म्हणजे चोरटी दारू विकणाऱ्याला, मराठीत काय म्हणावं?

गुत्ता? मुळीच चालणार नाही. ‘अवैध गुत्त्यावर छापा’ हे बातम्यांत वाचून वाचून आधीच डोकं उठलंय, त्यात तुमची भर नको.

दारू प्यायची जागा हा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तो सोडा. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. दारू विकायचा हक्क सरकार लिलावात काढी आणि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला गुत्ता सुटे. इकडे इंग्रजांचा अंमल, तिकडे नळदुर्ग-तुळजापूरला निजामाचा. रीत दोन्हीकडे तीच. शब्दाचं मूळ तर आपल्या दारात आहे. अक्कलकोटकडच्या कन्नड माणसाला विचारा, तो कंत्राटाला ‘गुत्तिगे’ म्हणेल. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात विचारा, ‘गुत्त’ म्हणतील. तेलुगूत मक्तेदारीला ‘गुत्ताधिपत्यम्’ असा भारदस्त शब्द आहे! आपणही रस्त्याचं काम घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतोच की. त्या बिचाऱ्याचा दारूशी काय संबंध? आणि गंमत बघा, उत्तरेत ‘ठेका’ या शब्दाचंही हेच झालं. ठेका म्हणजे कंत्राट, पण तिकडच्या गावात ‘ठेका कुठंय’ विचारलंत तर लोक दारूचं दुकान दाखवतील.

काही संस्कृतप्रेमी विद्वान मात्र ‘गुप्त’चं प्राकृत ‘गुत्त’ आणि त्यावरून गुत्ता, म्हणजे लपून प्यायची जागा, असं छातीठोकपणे सांगतात. प्राकृत रूप खरं आहे, बाकी सगळी ओढाताण. मग गुत्तेदार म्हणजे काय लपून बसणारा? लिलावात चारचौघांत बोली लावून घेतलेली वस्तू गुप्त कशी? दक्षिणेकडे बघायचंच नाही असं ठरवल्यावर व्युत्पत्ती अशीच चुकते.

अर्थ फिरला तो दारूबंदीने, असं माझं ठाम मत आहे. 1949चा मुंबई दारूबंदी कायदा आला, मक्ते गेले, प्यायची सवय गेली नाही. लोक चोरून पिऊ लागले आणि त्या जागेला जुनंच नाव देत राहिले. बंदी सैलावल्यावर ‘परमिट रूम’ आली. परवान्यावरून जागेचं नाव पडलेलं, म्हणजे गुत्त्याचा खरा वारस तोच.

मग छापा पडतो तो कशावर? बॅरलमध्ये गूळ-नवसागर आंबवून केलेलं ‘रसायन’ जिथे उकळतं आणि पहिली धार निघते, ती भट्टी. तो माल रबरी ट्यूबमध्ये भरून जिथे पोचतो आणि ग्लासावर विकला जातो, तो अड्डा. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेऊन मुळेगाव तांड्यावरच्या दारू गाळणाऱ्या लोकांना दुसऱ्या धंद्याकडे वळवायला सुरुवात केली, तेव्हा बंद पडल्या त्या भट्ट्या. गुत्ता तिथे नव्हताच.

आता अमेरिका. 17 जानेवारी 1920 ते 5 डिसेंबर 1933 या काळात तिथे दारू विकायचा परवाना कुठल्याच पिठ्याला नव्हता, मग स्पीकईझी गुत्ता कसा होईल? उलट डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की देणारी औषधाची दुकानं तिथे होती, तीही सरकारी परवान्याने! गुत्ता म्हणायचाच हट्ट असेल तर त्या दुकानांना म्हणा, निदान अर्थाच्या जवळ तरी जाल.

स्पीकईझीला ‘चोरटा अड्डा’ लिहा. बूटलेगर तसाच ठेवा, मराठी वर्तमानपत्रांनी तो केव्हाच आपला केलाय.