वेब १.० आणि वेब २.० मध्ये खरंच काही फरक आहे, की नुसतं मार्केटिंग?

नाव मार्केटिंगचं, फरक खरा. वेब १.० म्हणजे पान नुसतं वाचायचं, वेब २.० म्हणजे वाचणाऱ्यानेही त्यात लिहायचं. २००४ मध्ये संगणकाची पुस्तकं छापणाऱ्या टिम ओरायलींच्या कंपनीने या नावाची परिषद भरवली आणि शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. म्हणून कुणी रातोरात नेटची नवी आवृत्ती टाकून गेलं असं काही झालं नाही. उलट वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत बनवलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचताही येई आणि तिथल्या तिथे लिहिताही येई. १९९३ मध्ये मोझेक हा ब्राउझर आला, घरोघरी पोचला, पण तो फक्त वाचण्यापुरता. लिहिण्याची सोय मधल्या मधे गळाली, ती १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांच्या विकीने, म्हणजे कुणालाही पान बदलता येईल अशा संकेतस्थळाने, परत आणली. मग २००१ मध्ये विकिपीडिया, आणि २००३ च्या महाराष्ट्र दिनी मराठी विकिपीडिया.

मराठीपुरतं विचाराल तर खरा फरक युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीने, पाडला. त्याआधी मी शिवाजी फाँटात लिहिलेलं तुमच्याकडे तो फाँट नसेल तर निव्वळ गिचमीड दिसायचं. एकाचं दुसऱ्याला वाचता येत नाही, तिथे एकाचं दुसऱ्याने सुधारायचं कसं?

आता माझी फजिती. २००८ साली नेट कॅफेत बसून, बरहा या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरवर टाइप करत, मी मराठी विकिपीडियावर वाई परिसराबद्दलच्या एका लेखात मेणवलीच्या घंटेबद्दल चार ओळी घातल्या. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर ती पोर्तुगीज घंटा आहे. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची. १७३९ लिहायच्या जागी मी १७९३ लिहिलं. तास भरत आला होता, पुन्हा न वाचता उठलो.

आमचे काका निवृत्त मास्तर. विश्वकोश वाईत तयार होतो, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखी माणसं ज्याच्या संपादनाला बसली, ते ज्ञान. बाकी सगळी खर्डेघाशी, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी कुणाकडून तरी माझ्या लेखाची प्रिंट काढून आणली आणि पुतणीच्या साखरपुड्यात, भर पंगतीत फडकवली. १७९३ भोवती लाल शाईचं वर्तुळ. "अप्पा १७४० मध्येच गेले रे! मेल्यावर वसई घेतली काय?" सगळे हसले. व्याही मंडळीसुद्धा.

घरी येऊन पान उघडलं तर तिथे १७३९. 'इतिहास पहा'वर टिचकी मारली. माझ्यानंतर दीड तासाने कुणीतरी दोन आकडे बदलून गेलं होतं. नाव नाही, नुसता आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या नेट-जोडणीचा आकडा. म्हणजे काका पंगतीत कागद फडकवत होते तेव्हा चूक फक्त त्या कागदावर उरली होती! दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवायला गेलो, तर म्हणाले, "ज्याला नाव नाही त्याची जबाबदारी कोण घेणार?"

याच काकांनी ८० च्या दशकात एका पुस्तकात (कोणतं ते जाऊ दे) वाईच्या घाटांबद्दलची चूक शोधून प्रकाशकाला तीन पोस्टकार्डं धाडली होती. उत्तर आलं नाही. पुढच्या आवृत्तीत चूक तशीच. ही गोष्ट ते स्वतःच दर दिवाळीला सांगतात. अहो काका, त्या तीन पोस्टकार्डांची जागा आता 'संपादन' या बटणाने घेतलीय, एवढंच तर मी म्हणत होतो! आणि माझी चूक लपलेलीही नाही. माझ्या नावासकट १७९३ आजही त्या इतिहासात आहे, कुणीही बघावी. तुमच्या प्रकाशकाकडे आहे असं काही?

तर तुम्हाला सल्ला: व्याख्या पाठ करत बसू नका. आपल्या गावाचं पान उघडा, एक चूक शोधा, दुरुस्त करा आणि जुनी आवृत्ती शेजारी ठेवून बघा. फरक कळेल.

आता एक कबूल करतो. माझी चूक दीड तासात निघाली हे नशीब. मराठीत लिहिणारे थोडे, राखणारे त्याहून थोडे. चार-चार वर्षं चुका तशाच पडून असलेली पानं मी पाहिलीत. शिवाय आज लोक सर्वांत जास्त लिहितात ते कंपन्यांच्या ॲपवर, आणि तिथे दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारता येत नाही, फक्त पुढे ढकलता येतं. त्याला वेब २.० म्हणायचं नाही, यावर माझं नि काकांचं चक्क एकमत आहे. ती प्रिंट मात्र त्यांनी अजून पंचांगात घडी घालून ठेवलीय.