पाच फ्लॅट पाठवले, तीनच कसे पोचले?

प्रश्न : मी साताऱ्यात शाळेत संगीत शिकवते. आमच्या बँडमध्ये ४ क्लॅरिनेट, २ ट्रंपेट, १ आल्टो सॅक्सोफोन आणि हार्मोनियम आहे. स्नेहसंमेलनासाठी काळी एकमधलं एक प्रार्थनागीत मी म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या प्रोग्राममध्ये लिहिलं. हार्मोनियमला डी फ्लॅट मेजरचे पाच फ्लॅट घातले (फ्लॅटचं चिन्ह सूर अर्धा स्वर उतरवतं, शार्पचं चढवतं). सांगलीच्या कीबोर्डवादकांना मिडी फाइल काढून पाठवली. त्यांनी ती त्यांच्या प्रोग्राममध्ये उघडली तर तीनच फ्लॅट दिसले. शिवाय सा आणि म आला की दरवेळी वेगळं चिन्ह, कुठे सी शार्प तर कुठे एफ शार्प. वाजवल्यावर मात्र गाणं अगदी बरोबर. माझं काय चुकलं?

उत्तर : ताई, तुम्ही दोन गोष्टी फार नीट टिपल्यात. फ्लॅट तीन आले, आणि चिन्हं फक्त सा आणि म वर आली. एवढ्यावरून फाइल न बघताही बरंच सांगता येतं.

मिडी फाइलमध्ये सूर म्हणजे नुसता क्रमांक असतो, ० ते १२७. मधला सी ६०, त्याला लागून असलेली काळी एक ६१. या ६१ ला सी शार्प म्हणायचं की डी फ्लॅट, हे त्या क्रमांकात कुठेच नसतं. तुमच्या गाण्याची सरगम फाइलमध्ये ६१, ६३, ६५, ६६, ६८, ७०, ७२ अशी गेली. नावं मागेच राहिली.

की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला लावलेले फ्लॅट किंवा शार्प, फाइलमध्ये जाते, पण वेगळी नोंद म्हणून. त्या नोंदीत दोनच आकडे असतात. पहिला उणे ७ ते अधिक ७ मधला: उणे म्हणजे तितके फ्लॅट, अधिक म्हणजे तितके शार्प. दुसरा मेजरला ०, मायनरला १. या नोंदीचा आवाजावर काडीचाही परिणाम होत नाही. नवशिक्यासाठी आपण हार्मोनियमच्या पट्टीवर खडूने सा ची खूण करतो ना, तसंच हे. खूण पुसली किंवा चुकीच्या पट्टीवर केली, तरी पेटी आपल्याच सुरात वाजते. वाचणाऱ्याचा मात्र गोंधळ होतो. म्हणून तुमचं गाणं कानाला बरोबर आणि डोळ्याला चूक.

आता तीनच फ्लॅट कुठून आले? बी फ्लॅट क्लॅरिनेटवर सी वाचून वाजवला की कानावर बी फ्लॅट येतो, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली. म्हणून क्लॅरिनेटवाल्याला कागदावर एक स्वर वर लिहून द्यावं लागतं. गाणं डी फ्लॅट मेजरमध्ये असलं तर त्याच्या कागदावर ई फ्लॅट मेजर, आणि ई फ्लॅट मेजरला तीन फ्लॅट. आल्टो सॅक्सला तेच गाणं बी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे दोन फ्लॅट. तुमच्या स्कोअरमध्ये क्लॅरिनेट सगळ्यात वरच्या ओळीत असणार. फाइलमध्ये सूर खऱ्या उंचीचे गेले, म्हणजे डी फ्लॅटचे, आणि की सिग्नेचरची नोंद वाचली गेली क्लॅरिनेटच्या कागदाची. ई फ्लॅट मेजरच्या तीन फ्लॅटमध्ये बी, ई आणि ए येतात. डी आणि जी येत नाहीत. तुमच्या गाण्यात डी फ्लॅट म्हणजे सा आणि जी फ्लॅट म्हणजे म. म्हणून नेमक्या त्याच दोन सुरांना समोरच्या प्रोग्रामने जवळचं नाव चिकटवलं, सी शार्प आणि एफ शार्प.

तेव्हा मिडी काढण्याआधी म्यूझस्कोअरमधलं 'कॉन्सर्ट पिच' चालू करा, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर खऱ्या उंचीचे दिसतील. सगळ्या ओळींवर पाच फ्लॅट दिसले पाहिजेत. एखाद्या ओळीवर वेगळं काही दिसलं तर तिथेच थांबून ते आधी दुरुस्त करा. हार्मोनियमची ओळही सगळ्यात वर घ्या. मग फाइल काढा, आणि सांगलीला धाडण्याआधी तीच फाइल स्वतः एका नव्या खिडकीत उघडून बघा. हे शेवटचं काम कधीही टाळू नका, मुलांचं वेळापत्रक कितीही घाईचं असलं तरी. तुमच्याकडे मिडीमधल्या नोंदींची यादी दाखवणारा प्रोग्राम असेल तर तिथे सुरुवातीलाच उणे ५ दिसायला हवा. उणे ३ दिसला तर क्लॅरिनेट अजून मध्ये आहे.

डी फ्लॅटच निवडलात हे उत्तम केलंत. सी शार्प मेजरला सात शार्प लागतात, आणि क्लॅरिनेटच्या कागदावर ते नऊ झाले असते. नऊ शार्पची की सिग्नेचर त्या नोंदीत मावतच नाही. आपल्याकडे काळ्या पट्ट्यांवरून गाणारे पुष्कळ, म्हणून हे पाठच असलेलं बरं: काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, तीन फ्लॅट; काळी चार म्हणजे ए फ्लॅट, चार फ्लॅट; काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, दोन फ्लॅट. काळी तीन तेवढी दोन्हीकडे सारखी, सहा शार्प किंवा सहा फ्लॅट. बँडसाठी मी तिथेही फ्लॅटच घेतो, कारण क्लॅरिनेटला मग चारच उरतात.

मुलांना शिकवताना फ्लॅटला कोमल म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती. काळी एकमध्ये बिलावलची सरगम लिहिली तर कागदावर पाच फ्लॅट येतात आणि स्वर सगळे शुद्ध असतात. कोमल हे सा पासूनचं नातं आहे, फ्लॅट हे पट्टीचं नाव. भातखंडे किंवा पलुसकर स्वरलेखन पद्धतीत की सिग्नेचर लागतच नाही, कारण तिथे सा कुठेही नेता येतो; वर 'काळी एक' असं लिहिलं की झालं. ज्या मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, त्या मिरजेत मी देशी आणि पाश्चात्त्य या दोन्ही लिपींची उलथापालथ शिकलो, आणि आजही कुठली लिपी समोर आहे हे मनात पक्कं केल्याशिवाय मी एक ओळही लिहीत नाही.

मी स्वतः याची किंमत मोजली आहे. गणेशोत्सवाच्या आधी सांगलीतल्या एका बँडसाठी मी एका स्टुडिओकडून मिडी मागवून घेतली आणि त्यावरून क्लॅरिनेटचे कागद छापले. आलेल्या ट्रॅकवर वाद्य पियानो होतं. ते बदलून मी क्लॅरिनेट केलंच नाही, म्हणजे सूर आहेत तसेच कागदावर उतरले. तालमीत गायकाचा सा काळी एक आणि क्लॅरिनेटचा सा पांढरी सात. शेतातली कामं उरकून आलेली माणसं अर्धा तास स्वतःचीच फुंक चुकतेय असं समजून रीड बदलत राहिली. त्यांची ती धडपड मी विसरलेलो नाही. तेव्हा कीबोर्डवादकांना सांगा: मिडीवरून क्लॅरिनेटचा कागद काढायचा असेल तर आधी त्या ट्रॅकला बी फ्लॅट क्लॅरिनेट हे वाद्य द्यायचं, मग छापायचं.

आणि त्यांना वाजवायलाच नव्हे, वाचायलाही हवं असेल तर मिडीच्या जोडीने म्यूझिक एक्सएमएल पाठवा. २००४ साली आलेल्या या स्वरूपात सुराचं नाव, की सिग्नेचर, वाद्य किती वर-खाली वाजतं, हे सगळं लिहिलेलं असतं. डी फ्लॅट तिथे डी फ्लॅटच राहतो.

प्रश्न : भैरवसाठी मी रे आणि ध एवढ्यांनाच फ्लॅट लावलेली खास की सिग्नेचर तयार केली. सा पांढरी एक. मिडी करून परत उघडली की ती नाहीशी होते. काही उपाय? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : मिडीत उपाय नाही. वर सांगितलेल्या नोंदीत फक्त संख्या जाते, कुठले सूर ते जात नाही. 'दोन फ्लॅट' म्हटलं की समोरचा प्रोग्राम बी आणि ई घेणार, कारण फ्लॅट बी, ई, ए, डी, जी याच क्रमाने येतात. तुमचे आहेत डी आणि ए. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी (रागांच्या मूळ स्वरसंचांपैकी) सहा या क्रमात बसतात. सा पांढरी एक धरला तर बिलावलला काहीच नाही, खमाजला एक फ्लॅट, काफीला दोन, आसावरीला तीन, भैरवीला चार, आणि कल्याणला एक शार्प. फाइल कल्याणला जी मेजर म्हणेल आणि काफीला बी फ्लॅट मेजर; म्हणू दे, चिन्हं बरोबर आहेत एवढं पुरे. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी मात्र बसत नाहीत.

या चौघांसाठी मी सी मेजर ठेवतो आणि चिन्हं प्रत्येक सुराला लावतो. कागद थोडा भरतो, पण वाचणाऱ्याला रे कोमल आहे हे दर वेळी समोर दिसतं, आणि भैरवात रे-ध वर लक्ष ठेवावंच लागतं. तुमची खास की सिग्नेचर जपायचीच असेल तर म्यूझिक एक्सएमएलमध्ये तशी सोय आहे. समोरचा प्रोग्राम ती वाचतो का, हे एका छोट्या फाइलवर आधी तपासा.

प्रश्न : लिलिपाँडमध्ये (सुरांची नावं टाइप करून स्वरलिपी छापणारा प्रोग्राम) डी मेजर लिहूनही मिडीत एफ साधाच वाजतो. (एक विद्यार्थी, कराड)

उत्तर : तिथे की सिग्नेचर फक्त कागदावर उमटते, लिहिलेला सूर बदलत नाही. नुसतं 'एफ' लिहिलंत तर साधा एफच छापला आणि वाजवला जाईल. डी मेजरमध्ये 'फिस' (एफ शार्प) आणि 'सिस' (सी शार्प) असं पूर्ण नाव द्या. म्यूझस्कोअरमध्येही आधी सूर घालून मागाहून की सिग्नेचर टाकली तर सूर आपल्या जागीच राहतात, फक्त त्यांच्या शेजारी चिन्हं वाढतात. गाणं खरंच वर-खाली न्यायचं असेल तर ट्रान्सपोजची आज्ञा वापरा.