वेगळ्या रंगाचा टी-शर्ट

पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. सकाळी गिरणीत दळणाच्या रांगेत उभी होते, तेव्हा पुन्हा वाचला. उंची वाढायची थांबली म्हणून सरांनी तुला व्हॉलीबॉलच्या संघात स्मॅशरवरून, म्हणजे नेटवर उडी मारून फटका हाणणाऱ्या जागेवरून, काढून लिबेरो, म्हणजे फक्त मागे राहून चेंडू उचलणारी, केलं आणि तू दोन दिवस मैदानाकडे फिरकली नाहीस. ‘ताई, आता मला एकही पॉइंट मारता येणार नाही,’ असं लिहिलंयस. (वय बघता मावशी म्हणायला हवंस, पण चालेल.)

खरंच आहे ते. लिबेरोला सर्व्हिस नाही, ब्लॉक (नेटवर उडी मारून समोरचा फटका अडवणं) नाही, नेटच्या वरून फटका नाही. अंगात सगळ्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा टी-शर्ट, म्हणजे चूक झाली की गॅलरीतल्या शेवटच्या माणसालाही कळतं कुणाची ते. माझ्या वेळी ही जागाच नव्हती, १९९८ मध्ये आली. असती तर आज जिना चढताना माझा डावा गुडघा वाजला नसता. मीही बुटकी, पण हट्ट स्मॅशचाच. नाशिकरोडच्या मुरमाच्या मैदानावर उड्या मारून गुडघा सुजायचा, तरी जागा जाईल म्हणून कुणाला सांगायचे नाही. क्रेप बँडेज बांधायचं आणि वरून निकॅप चढवायची, म्हणजे दिसत नाही. बाविसाव्या वर्षी लिगामेंट गेलं आणि खेळ तिथेच संपला.

आता ब्राझीलच्या सर्जिन्योचं बघ. लिबेरोच तो. २००४ च्या अथेन्सला सुवर्ण, २००८ आणि २०१२ ला रौप्य, आणि २०१६ च्या रिओला पुन्हा सुवर्ण. लागोपाठ चार ऑलिंपिकच्या फायनल! रिओत स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. एकही स्मॅश न मारता.

तुझं रिसीव्ह, म्हणजे समोरची सर्व्हिस उचलणं, मी मागच्या महिन्यात मीनाताई ठाकरे स्टेडियमवर पाहिलं. नजर चांगली आहे, हात वाईट. चेंडू घड्याळाच्या पट्ट्याच्या जरा वर, हाताच्या सपाट भागावर बसायला हवा, तुझा मुठीवर लागतो. गावाकडे काकांचं शूटिंग व्हॉलीबॉल बघत वाढलीस, त्याची ही सवय. शूटिंगमध्ये मुठी आवळून हाणतात, तिथे ते शोभतं. इथे चेंडू लिफ्टरच्या, म्हणजे स्मॅशरला चेंडू उचलून देणारीच्या, हातात अलगद पडला पाहिजे. ती एक पाऊल जरी मागे सरकली तरी समोरच्या ब्लॉकला सगळा डाव आधीच कळतो.

आणि फ्लोटर सर्व्हिसला घाबरू नकोस. तो चेंडू स्वतःभोवती फिरत नाही, म्हणूनच हवेत डगमगतो. तू चेंडूकडे बघत बसतेस. त्याआधी सर्व्हिस करणारीच्या हाताकडे बघ. फटका मारून तळहात जागच्या जागी थांबला तर फ्लोटर, मनगट पुढे वळलं तर टॉपस्पिन, म्हणजे पुढे गरगरत येणारा चेंडू. चेंडू नेटवर येईपर्यंत तुझे पाय पोचलेले हवेत, हात अगदी शेवटी. आपल्या बहुतेक मुली आधी हात लांबवतात आणि मग पाय शोधतात. मीही तेच करायचे.

आईचा प्रश्न राहिला, ‘यात पुढे काय?’ केरळच्या जिमी जॉर्जचं नाव तू ऐकलंच असशील. मेडिकलचं शिक्षण सोडून तो केरळ पोलिसांत गेला, पुढे इटलीतल्या क्लबांकडून खेळला. १९८६ च्या सेऊल एशियाडमध्ये आपल्याला ब्राँझ मिळालं, त्या संघात होता. पुढच्याच वर्षी इटलीत मोटार अपघातात गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्याने मेडिकल सोडलं म्हणून तू बारावी सोडायची नाहीस. आधी नोकरी, मग इटली, हा क्रम मात्र लक्षात ठेव.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. भरतीला स्मॅशरची रांग लागते. लिबेरो मात्र प्रत्येक संघाला हवी असते आणि लहानपणी कुणालाच ती व्हायचं नसतं. तेव्हा जरा विचार कर.

प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात ठेव, आणि हातात पडताक्षणी नावाचं स्पेलिंग तपास. माझ्या एका प्रमाणपत्रावर आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. पडताळणीच्या वेळी ते दुरुस्त करून घ्यायला वर्षभर चपला झिजवल्या.

सरांना उद्या फोन कर. माफीबिफी नको, ‘येते’ एवढंच सांग. आणि रविवारी सकाळी सहाला माझ्याकडे ये. थंडी आहे, चेंडू हातावर सणसणून लागेल, तरी फुल बाह्यांचा टी-शर्ट घालू नकोस, चेंडू कुठे लागतो ते मला हातावरच्या लाल डागांवरून बघायचंय. सर्व्हिस मी टाकेन. गुडघा वाजतो, पण खांदा अजून शाबूत आहे.

तुझी,
ताई