पन्नासचा आकडा आणि अडकलेली 'ड्यून'

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षाला ५० पुस्तकांचं लक्ष्य ठेवलं, त्यात विज्ञान कादंबऱ्या जास्त वाचायचं ठरवलं. आता ऑक्टोबर आला, आकडा तिशीच्या आत आहे आणि फ्रँक हर्बर्टची जाडजूड विज्ञान कादंबरी 'ड्यून' दीडशे पानांवर अडकली आहे. ती बाजूला ठेवून छोटी पुस्तकं वाचत आकडा गाठावा का? आणि मराठीत काय वाचावं?

माझं म्हणणं: 'ड्यून' धरून ठेवा, ५० सोडा.

घरगुती कादंबरी किंवा रहस्यकथा हातात घेतली की तिच्यातलं जग आपल्याला आधीच ठाऊक असतं. घर कसं असतं, पोलीस चौकी कशी असते हे लेखकाला सांगावं लागत नाही. विज्ञान कादंबरीत पहिली शंभर-दीडशे पानं आपण त्या जगाचे नियम शिकत असतो, आणि नियम शिकताना वेग कमी होणारच. पुस्तकं मोजणाऱ्या लक्ष्यात याला जागा नाही. सहाशे पानांची 'ड्यून' एक आणि शंभर-सव्वाशे पानांचं पुस्तकही एकच. मग वर्ष संपत आलं की हात आपोआप बारीक पुस्तकाकडे जातो. बारीक पुस्तकांबद्दल माझी तक्रार नाही. वेल्सचं 'द टाइम मशीन' (१८९५) एका बैठकीत संपतं आणि त्याच्या तोडीचं फार थोडं लिहिलं गेलंय. पण काय वाचायचं हे जाडीवरून ठरू लागलं की विज्ञान कादंबरीतला मोठा, भरगच्च भाग आपल्यापासून तुटतो.

अडकण्याचे दोन प्रकार असतात, ते वेगळे ओळखायला हवेत. एकात जग कळत नाही म्हणून वेग मंदावतो. दुसऱ्यात जग कळलेलं असतं, पण त्याचं काही वाटत नाही. दुसरा प्रकार असेल तर पुस्तक खुशाल मिटा. 'ड्यून'च्या बाबतीत एक कसोटी सांगतो. स्टिलगार हा वाळवंटातला माणूस ग्रहाचा नवा सत्ताधीश असलेल्या ड्यूकच्या समोर टेबलावर थुंकतो, सगळे तलवारी उपसायच्या बेतात असतात आणि मग कळतं की तो मान देतोय: जिथे पाण्याचा थेंब न् थेंब जपावा लागतो तिथे आपल्या अंगातलं पाणी देणं ही मोठीच भेट. हा प्रसंग बहुधा तुमचा वाचून झालाय. तो वाचताना अंगावर काटा आला असेल तर पुस्तक तुमचं आहे, पुढे चला. त्यावर काहीच वाटलं नसेल तर पुढच्या साडेचारशे पानांतही वाटेल याची मला खात्री नाही.

पुढे जाताना एकच करा. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे, प्रत्येक शब्दाला तिच्याकडे धावू नका. हर्बर्टने बहुतेक शब्द वापरातून कळतील असेच पेरलेत. घराण्यांचं राजकारण मागे पडून ड्यूकचा मुलगा पॉल आणि त्याची आई वाळवंटात शिरले की पानं भराभर उलटतात.

आता लक्ष्याबद्दल. पुस्तकं मोजण्याऐवजी एक प्रश्न धरा आणि त्याच्याभोवतीची चार-पाच पुस्तकं सलग वाचा. ज्याला कादंबऱ्या मनात राहत नाहीत अशी खंत आहे, त्याला हा मार्ग मी आवर्जून सुचवतो, कारण एका पुस्तकातला वाद दुसऱ्या पुस्तकात पुढे चालू राहतो आणि आधीचं पुस्तक विसरताच येत नाही.

उदाहरणार्थ हा प्रश्न घ्या: विश्वात दुसरं कोणी भेटलं तर आपल्याला ते समजेल का?

सुरुवात फ्रेड हॉइल यांच्या 'द ब्लॅक क्लाउड'पासून (१९५७) करा. वायूचा एक प्रचंड ढग सूर्याकडे येतो, सूर्यप्रकाश अडतो, आणि मग लक्षात येतं की ढगालाच बुद्धी आहे. हॉइल स्वतः मोठे खगोलशास्त्रज्ञ, त्यामुळे ढग कधी पोहोचेल याची आकडेमोड कादंबरीतच मांडलेली आहे. त्यातलं मला सर्वांत आवडतं ते म्हणजे ढगाला वाटलेलं आश्चर्य: ग्रहासारख्या अडचणीच्या जागीही विचार करणारे जीव असू शकतात! हॉइलचं उत्तर आशेचं आहे. गणित आणि तर्क समान असतील तर बोलणं जमेल.

लगेच त्यावर स्तानिस्लाव लेमची 'सोलारिस' (१९६१) वाचा. इथे सगळा ग्रह व्यापणारा एक समुद्र आहे, माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अभ्यास करतायत, ग्रंथालयं भरलीयत, आणि हाती काही लागलेलं नाही. या अभ्यासाचा इतिहास सांगणारी प्रकरणं पुष्कळ जण गाळतात. गाळू नका, पुस्तकाचा कणा तिथेच आहे. एक व्यावहारिक सूचना: जुना इंग्रजी अनुवाद फ्रेंच अनुवादावरून केलेला आहे आणि लेम त्यावर नाराज होता. बिल जॉन्स्टन यांचा अनुवाद थेट पोलिशवरून आहे. मिळाला तर तोच घ्या.

आर्थर क्लार्कची 'राँदेव्हू विथ रामा' (१९७३) पटकन होते. पन्नास किलोमीटर लांबीचं एक यान सूर्यमालेत येतं, माणसं आत फिरून येतात, आणि यान आपल्या वाटेने निघून जातं. पात्रं पातळ आहेत हे खरं, पण आपली दखलही कुणी घेत नाही ही कल्पना तिथे जशी भिडते तशी मला इतरत्र भिडलेली नाही. शेवटी लिऊ त्सिशिनची 'द थ्री बॉडी प्रॉब्लेम'. चिनी पुस्तक २००८चं, इंग्रजी २०१४चं. चिनी नावांत आडनाव आधी येतं एवढं ध्यानात ठेवलं की पात्रांचा गोंधळ होत नाही. हॉइलच्या आशेला सर्वांत कठोर उत्तर या कादंबरीपासून सुरू होणाऱ्या मालिकेत मिळतं.

मराठीची वाट याच रस्त्याला लागून आहे. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांचेच विद्यार्थी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. ती 'यक्षांची देणगी'त सापडेल. कादंबरीच हवी असेल तर 'वामन परत न आला' घ्या: जमिनीखाली सापडलेली एका लुप्त संस्कृतीची ठेव, तिच्या आधारे घडवलेला यंत्रमानव, आणि त्याला स्वतःसारखे आणखी घडवायची झालेली इच्छा. यंत्रांच्या बुद्धीबद्दल आज चाललेली चर्चा डोक्यात ठेवून ती वाचून पाहा, जुनी वाटणार नाही.

मात्र मराठीत फक्त कादंबऱ्या मोजायच्या ठरवल्या तर फार थोडं हाती लागेल. आपल्याकडे हा प्रकार स्पर्धा आणि दिवाळी अंकांच्या जोरावर वाढला, त्यामुळे बळ कथेत आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचे संग्रह वाचनालयात मिळतात. जावडेकरांपासून सुरुवात करा असं मी सुचवीन, कारण त्यांच्या कथेत यंत्राआधी माणूस दिसतो. दिवाळी अंक येतच आहेत, 'धनंजय' आणि 'नवल' चाळून बघा.

वाचलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी वहीत दोन ओळी लिहा: लेखकाने आपल्या जगाचा कोणता एक नियम बदलला, आणि त्यामुळे कोणाचं आयुष्य सर्वांत जास्त बदललं. 'ड्यून'साठी पहिली ओळ तुम्ही आजच लिहू शकता.

डिसेंबरपर्यंत 'ड्यून', 'द ब्लॅक क्लाउड', 'सोलारिस' आणि एक मराठी संग्रह एवढंच ठेवा. उरलेली पुढच्या वर्षी. 'सोलारिस' झाली की त्या समुद्राबद्दल काय वाटलं ते नक्की कळवा. माझ्या मते तो माणसांशी बोलायची धडपड करतोय. बऱ्याच वाचकांना हे साफ अमान्य आहे, आणि तुम्ही कोणत्या बाजूला जाता हे जाणून घ्यायची मला खरोखर उत्सुकता आहे.