बक्षिसानंतरचा रियाज

प्रश्न : मी तेवीस वर्षांची असून लहानपणापासून ख्याल शिकते आहे. गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या स्पर्धेत यमन रागासाठी पहिले पारितोषिक मिळाले. तेव्हापासून गाण्याची बोलावणी येतात, कौतुकही होते. पण पहाटेचा रियाज आता वीस मिनिटांत उरकतो. गुरुजी काही बोलत नाहीत. गाण्याची आवड तीच आहे, मग पुढे जाण्याची ओढ कुठे गेली?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : तुमची आवड कमी झालेली नाही, हे तुमच्या पत्रावरूनच जाणवते. मला वाटते, रियाज वीस मिनिटांत उरकतो, कारण वीस मिनिटांपुरतेच काम उरले आहे. स्पर्धेपूर्वी परीक्षक कुठे बोट ठेवतील याची धास्ती होती, त्यामुळे कच्च्या जागा शोधाव्याच लागत. आता तोच यमन इतक्यांदा गाऊन झाला आहे की गळा आपोआप चालतो आणि जिथे अडखळायला होते त्या जागेवर तुम्ही जातच नाही. म्हणून स्वतःला आळशी ठरवून मनाला बोल लावू नका. त्याने दोन दिवस पहाटे जाग येईल आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा यमनच सुरू होईल.

तुमच्याच शहरात वाढलेले ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांच्याकडे या दृष्टीने पाहा. वडील शाहमीर खाँ यांच्याकडून मेरुखंडाची, म्हणजे स्वरांचे क्रम उलटसुलट बदलून गाण्याची, पक्की तालीम मिळालेली असतानाही त्यांनी देवासच्या रजब अली खाँ यांच्या ताना, अब्दुल वहीद खाँ यांची विलंबित (संथ लयीतली) आलापी आणि अमान अली खाँ यांची सरगम कान देऊन ऐकली, आत्मसात केली आणि त्यांतून स्वतःची गायकी घडवली. अतिविलंबित लयीतला झूमरा ताल त्यांनी आपला मानला. त्या लयीत दोन मात्रांमधले अंतर एवढे मोठे असते की स्वर किंचित ढळला तरी तो झाकता येत नाही.

मेरुखंडापासूनच सुरुवात करा. सा, रे, ग या तीन स्वरांचे सहा क्रम होतात : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. हे तुम्हाला सहज येतील. मध्यम, म्हणजे ‘म’, मिळवला की चोवीस होतात, आणि तिथे ‘रेसागम’ सुरळीत जाते, पण ‘गसामरे’ किंवा ‘मसागरे’ म्हणताना गळा नेहमीच्या वाटेने वळू पाहतो. तो वळतो तिथे थांबा, तानपुरा चालू ठेवून तेवढाच क्रम संथपणे म्हणा, मग पुढचा घ्या. पंचमासह (‘प’ धरून) एकशे वीस आणि सातही स्वरांचे ५०४० क्रम होतात; ते सगळे पाठ करायचे नाहीत, मात्र आपल्याला अजून न येणारे किती आहे हे रोज सकाळी गळ्यालाच कळेल. अशा कामाला वीस मिनिटे पुरत नाहीत, हे चार दिवसांत तुमच्या लक्षात येईल.

बोलावणी नाकारू नका. कौतुक वाईट असते असे मी मुळीच म्हणणार नाही, गाणाऱ्याला ते हवेच. फक्त गणेशोत्सवापासून कोजागिरीपर्यंत कुठेही यमन गाऊ नका. मारवा राग घ्या. सायंकाळच्या बैठकीला तो शोभतो, त्यात पंचम नसतो आणि षड्जावर (‘सा’वर) टेकण्याची सवय तो मोडतो. श्रोत्यांनी यमनचाच आग्रह धरला, तर तो पुढच्या वर्षी ऐकवीन असे मोकळेपणाने सांगा.

राहिली गुरुजींची गोष्ट. त्यांचे मौन म्हणजे संमती, असे गृहीत धरू नका. शिष्य आनंदात असताना दोष काढणे अनेक शिक्षकांना जड जाते. एखाद्या मैफलीचे ध्वनिमुद्रण घेऊन त्यांच्याकडे जा. मात्र ‘कसे झाले?’ असे विचारू नका, कारण त्यावर ‘छान झाले’ एवढेच उत्तर येईल. ‘कोणत्या जागी थांबवून मला पुन्हा म्हणायला लावले असते?’ असे विचारा, आणि ते ज्या जागा सांगतील त्या दुसऱ्या दिवशीच्या रियाजात सर्वांत आधी घ्या.