एकाच स्टॅकमधली ॲनायन मेम्ब्रेनच आधी का खराब होते?

आपण विचारले आहे की, इलेक्ट्रोडायलिसिसच्या एकाच स्टॅकमध्ये तेच पाणी खेळत असताना ॲनायन मेम्ब्रेन लवकर घाण होते आणि कॅटायन मेम्ब्रेन बरीच टिकते, तर यात पृष्ठभागाचा वाटा किती? इलेक्ट्रोडायलिसिस म्हणजे विजेच्या ओढीने द्रावणातले क्षार पातळ पडद्यांमधून (मेम्ब्रेनमधून) वेगळे काढणे, आणि स्टॅक म्हणजे आलटून-पालटून रचलेल्या अशा पडद्यांची चळत. ॲनायन मेम्ब्रेन ऋणभारित आयनांना वाट देते, तर स्वतः ऋणभारित असलेली कॅटायन मेम्ब्रेन धनभारित आयनांना. नाशिक परिसरात सांडपाणी आणि वाइन अशा दोन्हींसाठीच्या मेम्ब्रेनशी माझा रोजचा संबंध येतो, त्या आधारावर उत्तर देतो.

पहिले कारण विद्युतभाराचे आहे. ॲनायन मेम्ब्रेनच्या पॉलिमरला चतुर्थक अमोनियम गट जोडलेले असल्याने ती धनभारित असते, तर पाण्यातले ह्यूमिक आम्ल (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारे) आणि डिटर्जंटमधले सल्फोनेट ऋणभारित असतात; म्हणजे विद्युतक्षेत्रच त्यांना तिच्याकडे ओढून नेते. क्लोराइडसारखा लहान आयन आरपार निघून जातो, पण हे मोठे रेणू काही नॅनोमीटर रुंदीच्या वाटांत अडकतात किंवा तोंडाशीच साचतात. त्यातही डिटर्जंट अधिक चिवट, कारण त्याचे भारित टोक मेम्ब्रेनला धरते आणि मागच्या तेलकट शेपट्या एकमेकींना धरून थर वाढवतात.

मात्र सगळा दोष भारावर टाकता येत नाही. टार्टारिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे खडे बाटलीत धरू नयेत म्हणून वाइनमधून पोटॅशियम आणि टार्ट्रेट काढले जातात. रेड वाइनसाठी चाललेला असा स्टॅक उघडल्यावर दोन्ही प्रकारच्या मेम्ब्रेन जांभळट दिसतात आणि पाण्याखाली धरून बोटाने चोळले तरी रंग निघत नाही. वाइनचा सामू साधारण 3 ते 4 असतो. तिथे अँथोसायनिनचा (द्राक्षाच्या रंगद्रव्याचा) काही भाग धनभारित असतो, त्यामुळे कॅटायन मेम्ब्रेनवरचा रंग समजू शकतो. परंतु टॅनिनवर (वाइनला तुरट चव देणाऱ्या पदार्थावर) त्या सामूला फारसा भार नसतानाही ते चिकटते. याचे कारण मेम्ब्रेनच्या सांगाड्यात आहे. स्टायरीन आणि डायव्हिनिलबेंझीनच्या सांगाड्यातली बेंझीनची कडी आणि पॉलिफेनॉलमधली (टॅनिन, अँथोसायनिन यांच्या गटातल्या पदार्थांमधली) कडी एकमेकांवर पानांसारखी बसतात, शिवाय हायड्रोजन बंधांची भर पडते. अशी कडी नसलेल्या, ॲलिफॅटिक सांगाड्याच्या मेम्ब्रेनवर हा थर कमी धरतो. वाइन, फळांचा रस किंवा रंगीत सांडपाणी असेल तर मेम्ब्रेन निवडताना मी आधी सांगाडा विचारतो, किंमत नंतर.

पृष्ठभाग जितका जलविरोधी, तितके सेंद्रिय पदार्थ पाण्यापेक्षा त्याच्याकडे ओढले जातात. मेम्ब्रेनवर पाण्याचा थेंब पसरतो की गोल राहतो, यावरून ढोबळ अंदाज येतो. खडबडीतपणाही महत्त्वाचा आहे, पण स्वस्त हेटरोजिनिअस मेम्ब्रेनमध्ये त्याहून मोठी अडचण असते: आयन वाहून नेणाऱ्या रेझिनची भुकटी पॉलिएथिलीनमध्ये मिसळून ती बनवलेली असल्यामुळे पृष्ठभागाचा थोडाच भाग विद्युतवाहक असतो, सगळा प्रवाह त्या ठिपक्यांतून जातो आणि तिथे थर लवकर धरतो.

ॲनायन मेम्ब्रेनवर ऋणभारित पॉलिमरचा पातळ लेप दिला तर ह्यूमिक आम्ल दूर ढकलले जाते, हा उपाय आपण वाचला असेल. तो खरा आहे, पण लेप जाड झाला की विरुद्ध भारांच्या सीमेवर पाण्याचे विघटन सुरू होते, सामू बदलतो, रोध वाढतो आणि विजेचे बिलही वाढते. म्हणून लेपाच्या जाहिरातीत फक्त फाउलिंगचा (घाण साचण्याचा) आलेख दाखवला असेल, तर रोधाचा आकडा मागून घ्यावा.

आपल्या मेम्ब्रेनवर बोटाला खरखरीत, पांढरा थर लागत असेल, तर ते बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आहे. त्यासाठी सौम्य आम्ल आणि ठरावीक वेळाने विजेचे धन-ऋण ध्रुव उलटवणे पुरते. बुळबुळीत किंवा तपकिरी थराला मिठाचे द्रावण आणि सौम्य अल्कली लागते, मात्र तीव्र अल्कलीने चतुर्थक अमोनियम गटच तुटतात, त्यामुळे उत्पादकाने दिलेली सामूची मर्यादा ओलांडू नये.