हेन्री शेफ्लिनला हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू का मानतात?

आकडेच आधी सांगतो. आयर्लंडच्या किल्केनी काउंटीकडून खेळताना त्याने 2000 ते 2014 दरम्यान 10 ऑल-आयर्लंड (काउंटी संघांमधली देशपातळीवरची स्पर्धा) विजेतेपदं मिळवली आणि 2002, 2006 व 2012 असा तीनदा वर्षातला सर्वोत्तम हर्लर (हर्लिंगपटू) ठरला. आणि हा सगळा हौशी खेळ! काउंटीकडून खेळायचा पगार नसतो, पोटापाण्यासाठी तो बँकेत नोकरी करायचा.

पण मला तो मोठा वाटतो तो 2012 च्या अंतिम सामन्यामुळे. समोर गॉलवे काउंटी, बरोबरी, सामना संपत आलेला आणि किल्केनीला पेनल्टी. गोल झाला तर तीन गुण. शेफ्लिनने मात्र चेंडू शांतपणे गोलच्या आडव्या दांडीवरून मारून एकच गुण घेतला. पुढे गॉलवेच्या जो कॅनिंगने फ्री (फाउलनंतर मिळणारा मोकळा फटका) मारून बरोबरी साधली, म्हणून या निर्णयावर आजही वाद होतो. मला तो बरोबरच वाटतो. फेरसामना किल्केनीने सहज जिंकला.

त्याआधी दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट फाटून झाले होते. 2010 च्या अंतिम सामन्यात तर दुखरा गुडघा घेऊन उतरला आणि थोड्याच वेळात त्याला बाहेर यावं लागलं. तरी नंतर आणखी तीन विजेतेपदं. 2015 मध्ये निवृत्त झाला.